थ्रीडी कल्चर: कल्पना जुनी, कायदा नवा

नवे औषध माणसाला देण्याआधी प्राण्यांवर तपासलेच पाहिजे, ही अमेरिकेतली सक्ती डिसेंबर २०२२ मध्ये कायद्यातून उठली. भारतानेही २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत पर्यायी पद्धतींना जागा करून दिली. तेव्हापासून थ्रीडी कल्चरचे, म्हणजे पेशी सपाट थरात न पसरवता त्रिमितीत वाढवण्याच्या पद्धतीचे, नाव असे घेतले जाते, जणू ते काल-परवाच जन्मले.

सक्तीचे मूळ १९३७ च्या दुर्घटनेत. सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे औषध डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकले गेले आणि अमेरिकेत शंभराच्या आसपास माणसे दगावली. (याच विषाने १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ बळी घेतले.) अमेरिकेत १९३८ मध्येच कायदा आला.

शरीराबाहेर पेशी वाढवणे त्याहून जुने. रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातला चेतातंतू लसिकेच्या लोंबत्या थेंबात वाढताना पाहिला. राज्य मात्र सपाट थाळीने केले. पेशी एका थरात पसरतात, सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतात, हजारो रसायने झटपट तपासून होतात. सोयीपुढे कोणाचे चालते?

थाळीची मर्यादा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसली होती. कॅनडात रॉबर्ट सदरलँड यांनी पेशींचे गोळे, म्हणजे स्फेरॉइड, वाढवले. बाहेरचा थर भराभर वाढतो. आत प्राणवायू पुरत नाही, पेशी सुस्तावतात, गाभा मरतो. कर्करोगाच्या गाठीतही हेच घडते. विभाजन होणाऱ्या पेशींना टिपणारे औषध थाळीत बाजी मारते. गोळ्यातल्या सुस्त पेशी त्याला दाद देत नाहीत. इतके कळूनही औषध कंपन्यांनी पुढची कित्येक वर्षे थाळी सोडली नाही.

खरी उचल २००९ नंतरची. नेदरलँड्समध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातल्या एकाच मूलपेशीपासून छोटे आतडे, म्हणजे ऑर्गनॉइड, वाढवले. नेदरलँड्समध्येच पुढे सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या गुदाशयातून कणभर ऊती घेऊन ऑर्गनॉइड तयार झाले. फोर्स्कोलिन हे रसायन घातले की निरोगी माणसाचे ऑर्गनॉइड पाणी ओढून टम्म फुगतात, रुग्णाचे जवळपास तसेच राहतात. औषध घातल्यावर तेही फुगले, तर त्या रुग्णाला गुण येण्याची आशा.

प्राण्यांपासून पूर्ण सुटका अजून झालेली नाही. हे ऑर्गनॉइड ज्या जेलमध्ये वाढतात, ते मॅट्रिजेल उंदराच्या गाठीतूनच काढतात आणि त्याचा प्रत्येक लॉट थोडा वेगळा निघतो.