हिचमचे पाद्रीबाबा आणि रानफुलांचा सोमवार

चार्ल्स डार्विनच्या चरित्रात जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो (१७९६–१८६१) यांचं नाव हमखास येतं, पण एका वाक्यापुरतं: ‘बीगल’ जहाजासाठी डार्विनची शिफारस करणारे केंब्रिजचे प्राध्यापक. आयुष्याची शेवटची बावीस वर्षं ते इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या हिचम या खेड्यात राहून पाद्री होते, हे फारसं सांगितलं जात नाही.

त्या काळी इंग्लंडात पाद्री आणि वनस्पतींचा नाद ही जोडी नवलाची नव्हती. विद्यापीठात शिकवणारे बहुतेक जण धर्मदीक्षा घेतलेलेच असत. गावचं चर्च मिळालं की घर मिळे, उत्पन्न मिळे आणि एकाच पंचक्रोशीत वर्षानुवर्षं पायी हिंडणं होई. कुठल्या बांधावर कोणतं फूल कधी उमलतं, हे टिपायला याहून सोयीची नोकरी कोणती?

हेन्स्लो १८२५ पासून वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या वनस्पतिसंग्रहाची एक खासियत होती. एकाच जातीची अनेक रोपं ते एका कागदावर शेजारी शेजारी डकवत: खुजं, उंच, भरगच्च, किडकिडीत. एका जातीत फरक किती असू शकतो, हे त्यांना पाहायचं होतं. डार्विन तिथे शिकत होता, तेव्हा हे काम चालूच होतं.

१८३७ मध्ये हिचम मिळालं आणि १८३९ मध्ये ते कुटुंबासह तिथे राहायला आले. प्राध्यापकी सोडली नाही. व्याख्यानांपुरते केंब्रिजला जात. गावात गरिबी होती, बहुतेकांचं पोट शेतमजुरीवर. त्यांनी शाळा काढली. मजुरांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे खंडाने मिळावेत म्हणून खटपट केली, तर शेतमालकच बिथरले. स्वतःच्या तुकड्यावर राबणारा मजूर आपल्या शेतावर अंग चोरेल, ही त्यांची धास्ती. पाद्रीबाबा मागे हटले नाहीत. गंमत म्हणजे याच शेतकऱ्यांना ते खतांचे प्रयोग समजावत होते. फेलिक्सस्टोच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांत फॉस्फेट आहे, हे त्यांनी १८४३ मध्ये दाखवून दिलं आणि त्यातून सफोकात खतांचा धंदा उभा राहिला.

पण माझ्या मते त्यांचं खरं काम सोमवारी दुपारी चाले. मजुरांची मुलं रानफुलं घेऊन शाळेत येत. फूल सुटं करायचं, पुंकेसर मोजायचे, पाकळ्या जुळलेल्या की मोकळ्या ते पाहायचं आणि मगच त्याचं कूळ सांगायचं. वर्गात यायची सक्ती नव्हती. अट होती ती अवघड शास्त्रीय शब्द बिनचूक लिहिता येण्याची. पाठांतराला किंमत नव्हती. जी शिस्त केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना, तीच इथल्या पोरांना. वर फुलांची प्रदर्शनं, बक्षिसं आणि गावकऱ्यांच्या सहली. १८५१ मध्ये तर गावकरी लंडनचं महाप्रदर्शनही पाहून आले.

त्याच वर्षी त्यांची मुलगी फ्रान्सिस हिचं जोसेफ हूकर यांच्याशी लग्न झालं. हेच हूकर पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वनस्पतींचे सात खंड सिद्ध करणारे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात ग्रंथ काढला, तो या खंडांच्या पायावर.

१८६० मध्ये हेन्स्लोंची सफोकच्या वनस्पतींची यादी छापून झाली आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात ते हिचममध्येच वारले.