प्रवाळातलं सलून

हिंद-प्रशांत महासागरांतल्या प्रवाळ भित्तिकांवर काही ठरावीक कोपऱ्यांत कायम गिऱ्हाइकांची वर्दळ असते. पोपटमासा येतो आणि डोकं वर करून अधांतरी थांबतो. हेकरूसारखा शिकारी जबडा उघडतो. बोटभर लांबीचा, निळसर अंगावर काळा पट्टा असलेला एक मासा बिनधास्त त्या जबड्यात शिरतो आणि सुखरूप बाहेर येतो. हा क्लीनर रॅस, शास्त्रीय नाव लॅब्रॉइडिस डिमिडिएटस.

गिऱ्हाइकांच्या अंगावरचे रक्त पिणारे बारीक परजीवी वेचून खाणं हा त्याचा धंदा. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटापाशी संशोधक लेक्सा ग्रटर यांनी हिशेब मांडला, तेव्हा एक मासा दिवसाला सरासरी १,२०० परजीवी फस्त करत असल्याचं दिसलं.

गोम अशी, की त्याला परजीवी फारसे आवडतच नाहीत! जीव गुंतलेला असतो तो गिऱ्हाइकाच्या अंगावरच्या बुळबुळीत लेपात. तो ओरबाडला की गिऱ्हाईक दचकतं, कधी पाठलाग करतं, कधी सरळ निघून जातं. ज्या माशांचा वावर मोठा, त्यांना दुसरं दुकान गाठता येतं. म्हणून त्यांचा नंबर आधी लागतो. त्याच कोपऱ्यात राहणाऱ्यांनी मात्र ताटकळायचं. (आपल्याकडच्या दुकानांत तरी वेगळं काय असतं?)

एका नराच्या ताब्यात अनेक माद्या असतात आणि पुष्कळदा नर-मादी जोडीनं एकच गिऱ्हाईक साफ करतात. मादीनं लेपाचा लचका तोडला, तर गिऱ्हाईक पळतं आणि नराचंही जेवण बुडतं. मग नर तिच्या अंगावर धावून जातो. प्रयोगशाळेत गिऱ्हाइकाच्या जागी खाद्य लावलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठेवून हे तपासलं गेलं. कोळंबीचा आवडता तुकडा खाल्ला की पट्टी काढून घेतली जाई. नराकडून मार खाल्लेल्या माद्या पुढच्या खेपेस कोळंबीपासून जपून राहू लागल्या.

आता हा दांडगट नर मूळचा कोण? बहुतेकदा मादीच. माद्यांमध्ये आकारानुसार उतरंड असते. १९७२ साली ऑस्ट्रेलियातल्याच हेरॉन बेटावरच्या निरीक्षणांतून दिसलं, की नर नाहीसा झाला की एक-दोन तासांतच सर्वांत मोठी मादी त्याच्यासारखी हद्दीत गस्त घालून इतर माद्यांना दटावू लागते. शरीर मागून बदलतं; दोन-अडीच आठवड्यांत तिच्यात शुक्राणू तयार होतात.