रिस्टोअर केलेल्या दुर्मीळ कॉमिक्सची पुनर्विक्री

जुने, फाटलेले, पिना गंजलेले कॉमिक जाणकाराकडून दुरुस्त करून घ्यायचे आणि पुढच्या संग्राहकाला विकायचे, असा हा मुख्यतः अमेरिकेत रुजलेला व्यवहार. दुरुस्तीने वस्तूचे मोल वाढते, हा आपला नेहमीचा अनुभव इथे उलटतो. जुनी मोटार पूर्ववत केली की मालक ती मिरवतो. देवळाचा जीर्णोद्धार झाला की देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात. कॉमिकच्या बाजारात मात्र दुरुस्त प्रत तितक्याच चांगल्या दिसणाऱ्या बिनदुरुस्त प्रतीपेक्षा कितीतरी कमी किमतीला जाते. उत्तम रफू तो जो दिसत नाही, असे आपण म्हणतो. इथे तो कितीही बेमालूम असला तरी सांगावा लागतो, आणि सांगितला की भाव पडतो. या व्यवहारातली बहुतेक भांडणे त्या सांगण्यावरूनच होतात.

ज्या अंकांसाठी हा खटाटोप चालतो ते छापले तेव्हा कवडीमोल होते. सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणारा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८चा, किंमत १० सेंट. त्याच्या सुमारे दोन लाख प्रती छापल्या गेल्या आणि आज शंभरेक उरल्या असाव्यात, असा अंदाज नेहमी दिला जातो. बॅटमॅन पहिल्यांदा आला तो ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’चा २७वा अंक मे १९३९चा. बाकीच्या प्रती पोरांच्या हाताळण्याने गेल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत गेल्या. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनसारख्या गावी तर मुलांवर वाईट संस्कार होतात म्हणून कॉमिक्सची जाहीर होळी झाली. कागदही वर्तमानपत्राचा, लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या आम्लाने तो आपोआप पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि शेवटी पान उलटताना कडेचा कपचा हातात येतो.

१९७०मध्ये रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-सूची पहिल्यांदा छापली गेली आणि विखुरलेल्या हौशी लोकांना सामाईक भाव मिळाला. भाव आला तशी डागडुजी आली. सुरुवातीची बरीचशी घरगुती होती: फाटलेल्या कडेला डिंक, मुखपृष्ठाचा काळा रंग उडाला की मार्कर पेन. मग कागद-संवर्धनाचे तंत्र शिकलेले लोक या कामात उतरले. १९७०-८०च्या दशकांत दुरुस्त प्रतीला आजच्याइतके कमी लेखत नसत. कित्येक मालकांनी आपले मौल्यवान अंक आनंदाने आणि उघडपणे दुरुस्तीला दिले. पुढे त्यांच्यावर पस्तावायची वेळ आली, कारण मधल्या काळात आवड बदलली आणि कागदावर एकदा केलेले काम सहसा पुरते मागे घेता येत नाही.

चांगल्या कारागिराचे काम जवळून पाहण्यासारखे असते. आधी पिना सोडवून अंक सुटा करतात. मुखपृष्ठावरचा मळ मऊ रबराने टिपतात. डाग हट्टी असेल तर शाई विरघळत नाही ना हे कोपऱ्यावर तपासून पाण्याने किंवा द्रावकाने धुतात. आम्ल मारायला कागदाला अल्कधर्मी द्रावण देतात. फाटलेल्या जागी पातळ, लांब धाग्यांचा जपानी कागद गव्हाच्या खळीने मागून चिकटवतात. ही खळ पाण्याने पुन्हा सुटते, म्हणून ती डिंकापेक्षा बरी. कोपराच नसेल तर त्याच जाडीच्या कागदाचा तुकडा सांधतात, किंवा लगदा ओतून पोकळी भरतात, आणि त्यावर ब्रशच्या टोकाने रंग जुळवतात. शेवटी पिना परत त्याच भोकांतून. असे काम नुसत्या डोळ्याला उमगत नाही, आणि संग्राहकाला नेमकी तीच भीती वाटते.

ही भीती आवरायला २००० साली फ्लोरिडास्थित सीजीसी ही दर्जा ठरवणारी कंपनी कामाला लागली. अंक तपासायचा, ०.५ ते १० या श्रेणीत गुण द्यायचे आणि पारदर्शक कठीण डबीत सीलबंद करायचे, अशी तिची पद्धत. डबीच्या माथ्यावरच्या लेबलाचा रंग बाजारात सर्वतोमुखी झाला. निळे म्हणजे बिनदुरुस्त, जांभळे म्हणजे रिस्टोअर केलेले. जांभळ्या लेबलावर कामाचा दर्जा ए ते सी या अक्षरांत आणि प्रमाण १ ते ५ या आकड्यांत लिहितात, शिवाय काय काय केले तेही: रंगकाम, तुकडे जोडले, पिना बदलल्या वगैरे. तपासनीस अतिनील दिवा, भिंग आणि मुखपृष्ठाची आतली बाजू यांवर भिस्त ठेवतात; मार्करचा काळा रंग आत झिरपून पाझर दिसला की पुढचे बोलायलाच नको. मार्करचा असा एक ठिपकासुद्धा चांगल्या अंकाच्या किमतीचा मोठा घास घेऊ शकतो. मला हे थोडे अतिरेकी वाटते, पण बाजार माझ्या मताने चालत नाही. जांभळा रंग हा जणू कलंक झाल्यावर नुसत्या जतनासाठी केलेल्या कामांना (फाटलेले सांधणे, आम्ल घालवणे, पिना बदलणे) वेगळे ‘संवर्धित’ लेबल देण्यात आले. मात्र त्यात रंगकाम चालत नाही.

खरा वाद प्रेसिंगचा. ओलावा, उष्णता आणि दाब देऊन घड्या, बोटांचे ठसे, पोक सपाट केले जातात. काही भर घातली जात नाही, काही काढले जात नाही आणि नंतर खात्रीने ओळखता येत नाही, म्हणून सीजीसी ते रिस्टोरेशन धरत नाही. जुन्या पठडीचे संग्राहक धरतात. ९.२चा अंक ९.६ झाला तर काही अंकांच्या बाबतीत किंमत दुप्पट-तिप्पट होते. त्यामुळे ‘क्रॅक, प्रेस, रिसबमिट’ हा धंदाच झाला: डबी फोडा, इस्त्री मारा, परत पाठवा. सीजीसीचीच भगिनी संस्था सीसीएस पैसे घेऊन प्रेसिंग करून देते, यावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. याच्याच जोडीला ‘अन-रिस्टोरेशन’ चालते. जुना मार्करचा रंग खरवडायचा, लावलेला तुकडा काढून टाकायचा, अंक आधीपेक्षा विद्रूप करायचा, पण जांभळ्याचे निळे मिळवायचे. ५.०चा सुबक जांभळा मोडून ३.०चा ओबडधोबड निळा केला आणि नफा झाला, हा या बाजाराचा खास तर्क.

फसवणुकीचा सगळ्यात जुना प्रकार म्हणजे कातरणे. कडा चुरलेल्या असतील तर तीन बाजूंनी केसभर कागद छाटला की अंक धारदार दिसतो. छाटलेले परत लावता येत नाही, त्यामुळे संग्राहक याला दुरुस्ती म्हणत नाहीत, इजा म्हणतात. लेबल मात्र जांभळेच मिळते. दुसरा प्रकार जोडप्रतीचा: मुखपृष्ठ एका अंकाचे, आतली पाने दुसऱ्याची, मधले जोडपान तिसऱ्याचे. उघड सांगितले तर हा सरळ व्यवहार आहे आणि त्यासाठी मुखपृष्ठ नसलेल्या प्रतीही विकत मिळतात. आडवळणाची पद्धत सोपी आहे. जांभळ्या लेबलाची डबी फोडून अंक सुटा विकायचा आणि काही बोलायचे नाही. म्हणूनच १९३०-४०च्या दशकांतला महाग अंक सुटा घेणारा अनोळखी विक्रेत्याला आधी एकच विचारतो: तपासून घेऊ दे, दुरुस्ती निघाली तर पैसे परत देणार का?

मग जांभळे अंक घेतो कोण? ज्याला ती गोष्ट हातात हवी आहे पण घर विकायचे नाही, तो. फेब्रुवारी २०१०मध्ये ‘ॲक्शन’ १ची ८.०ची निळी प्रत दहा लाख डॉलरला गेली. २०१४मध्ये ९.०ची प्रत ईबेवर ३२ लाखांच्या पुढे, एप्रिल २०२४मध्ये ८.५ची प्रत डॅलसच्या हेरिटेज लिलावगृहात ६० लाखांना. निळे असे हाताबाहेर गेले की मागणी उतारावरच्या पाण्यासारखी जांभळ्याकडे वळते आणि तेही चढतात. पुनर्विक्रेता नेमकी ही वेळ साधतो. ‘ए-१’ दर्जाचा, थोडेच काम असलेला अंक तो पसंत करतो, कारण घेताना सवलत मिळते आणि विकताना गिऱ्हाईकही. ‘सी-५’ प्रत मात्र अनेकदा वर्षानुवर्षे दुकानात राहते. लिलावात विकायचे तर विक्रेत्याचे कमिशन आणि खरेदीदाराच्या माथी बसणारे अधिमूल्य धरून हिशेब करावा लागतो. जाहीर होणारा आकडा विक्रेत्याच्या खिशात जात नाही.

आपल्याकडे या बाजाराची छोटी चुलत शाखा आहे. टाइम्स समूहाने मार्च १९६४मध्ये सुरू केलेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे अंक, विशेषतः वेताळाचे (म्हणजे इंग्रजीतल्या फँटमचे) सुरुवातीचे मराठी अंक, आज जाणकार चढ्या भावाने घेतात. ते रद्दीच्या दुकानांतून, जुन्या पुस्तकांच्या पदपथांवरून आणि आता बहुधा संग्राहकांच्या आपसांतल्या देवाणघेवाणीतून मिळतात. इथे लेबल नाही, अतिनील दिवा नाही. दुरुस्ती म्हणजे कुणा दादाने वा ताईने तीस-चाळीस वर्षांपूर्वी पाठीला लावलेली, आता मधासारखी पिवळी झालेली सेलोटेप, किंवा शाळेच्या वह्यांबरोबर चढवलेले तपकिरी कव्हर. अमेरिकी नियमांत सेलोटेपला रिस्टोरेशन मानत नाहीत, नुसता दोष मानतात. त्या हिशेबाने आपला सेलोटेपवाला वेताळ निळ्या लेबलाचाच मानकरी ठरेल. गुण तेवढे दीड-दोनच्या आसपास पडतील.