शाळेसाठी सायलेंट लिलाव

सायलेंट लिलाव म्हणजे बोली ओरडून न बोलता कागदावर लिहायची. शाळेसाठी निधी उभा करायला स्नेहसंमेलनाच्या किंवा माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडतात, लोकांनी दिलेल्या वस्तू ठेवतात, प्रत्येक वस्तूपुढे एक बोलीपत्रक आणि दोरीने बांधलेलं पेन, बांधायलाच पाहिजे नाहीतर पेन जागेवर राहतंय कुठे.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे देवापुढच्या नारळाचा लिलाव सगळ्यांनी बघितलेला असतो, पण तिथे ज्याचा आवाज मोठा आणि खिसा जड त्याचंच चालतं, बाकीचे नुसते बघत उभे. इथे मात्र बाजूला उभी असलेली एखादी आईसुद्धा गुपचूप जाऊन ४५० लिहून येते, मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. बोली लावणाऱ्याला नावाऐवजी नंबर द्यावा म्हणजे कुणी किती लावले याची गावभर चर्चा होत नाही.

पत्रकावर वस्तू, देणाऱ्याचं नाव, सुरुवातीची बोली आणि कमीत कमी वाढ लिहायची. समजा ९०० ची शहापूरची साडी आहे, तर सुरुवात ४०० ला, वाढ ५० ची, मग ४००, ४५०, ५०० असं खाली खाली चढत जातं आणि मध्येच कुणी ५२० लिहिलं तर ते धरायचं नाही. आपल्याकडे पालक दोन्ही भाषांचे, त्यामुळे पत्रक मराठी आणि कन्नड दोन्हीत असलेलं बरं.

वस्तू काय, खानापूरची मातीची भांडी, कुंदा नाहीतर गोकाकचा करदंट अशी मिठाई, बेळगाव बासमती तांदळाची पिशवी, पोरांची चित्रं. वस्तूच पाहिजे असं पण नाही, कुणी एक दिवस ट्रॅक्टरने नांगरून देतो म्हटलं तर शेतकरी पालक त्याच टेबलाशी गर्दी करणार.

खरी घाई शेवटच्या दहा मिनिटांत होते. म्हणून सगळी टेबलं एकदम बंद न करता थोड्या थोड्या वेळाने करतात, घंटा झाली की स्वयंसेवकाने शेवटच्या बोलीखाली रेघ मारून पत्रक उचलायचं, त्यानंतरची बोली कितीही मोठी असली तरी घ्यायची नाही. पैसे तिथेच रोख किंवा यूपीआयने घेऊन पावती द्यायची. सरकारी शाळा असेल तर एसडीएमसीचा, म्हणजे शाळेच्या विकास आणि देखरेख समितीचा, ठराव आधीच करून घ्यावा आणि पैसे कशासाठी, छपरासाठी की कॉम्प्युटरसाठी, ते दारातच मोठ्या अक्षरात लावावं, कारण ते वाचल्यावर लोक हात आखडत नाहीत.