तिसाव्या भागाचा नियम आला कोठून?

स्टिरिओ छायाचित्रण, म्हणजे थोड्या वेगळ्या जागांवरून दोन चित्रे घेऊन प्रत्येक डोळ्याला एकेक दाखवून खोलीचा भास घडवणे, शिकू लागणाऱ्याला पहिला नियम सांगितला जातो तो असा : भिंगांच्या दोन जागांमधील अंतर, म्हणजे बेस, सर्वांत जवळच्या वस्तूपर्यंतच्या अंतराच्या तिसाव्या भागाएवढा असावा. हा नियम केव्हा मोडावा, हे त्याच्या इतिहासातूनच उलगडते.

चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांच्या स्टिरिओस्कोपची (अशी चित्रजोडी पाहण्याच्या उपकरणाची) माहिती रॉयल सोसायटीपुढे मांडली, तेव्हा छायाचित्रणाची घोषणाही झालेली नव्हती. त्यांनी रेखाचित्रे वापरली होती. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप तयार केला आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर त्याला मोठी मागणी आली. त्याच काळात बेसवरून वाद पेटला. बेस माणसाच्या डोळ्यांमधील अंतराएवढा, म्हणजे अडीच इंचच असावा, असा ब्रूस्टर यांचा आग्रह होता. परंतु तेवढ्या बेसने दूरचे दृश्य सपाट दिसते, म्हणून अनेक छायाचित्रकार एकच कॅमेरा सरकवून त्याहून बराच मोठा बेस घेत असत. वॉरन डी ला रू यांनी तर चंद्राचे स्टिरिओ छायाचित्र घेतले. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर असल्याने तिसावा भाग जवळजवळ पृथ्वीच्या व्यासाएवढा होतो आणि चंद्राचा गोलवा ठळक दिसायला तोही अपुराच पडतो. त्यांनी कॅमेरा हलवला नाही; पृथ्वीवरून पाहताना चंद्र किंचित डोलल्यासारखा दिसतो, त्याचा फायदा घेऊन त्यांनी वेगवेगळ्या वेळी दोन चित्रे टिपली.

तिसाव्या भागाचे गणित १९४७ मध्ये बाजारात आलेल्या स्टिरिओ रिअॅलिस्ट कॅमेऱ्यावरून चांगले समजते. त्याच्या भिंगांमधील अंतर सुमारे ७० मिलिमीटर आणि नाभीय अंतर (भिंगापासून ते दूरच्या वस्तूची स्पष्ट प्रतिमा जिथे पाडते तिथपर्यंतचे अंतर) ३५ मिलिमीटर होते. सर्वांत जवळची वस्तू २.१ मीटरवर आणि पार्श्वभूमी अनंत अंतरावर असेल, तर एका चित्रातून दुसऱ्या चित्रात या दोहोंच्या प्रतिमा फिल्मवर जितक्या सरकतात त्यांतील फरक सुमारे १.२ मिलिमीटर भरतो आणि तो डोळ्यांना सहज पेलवतो. म्हणजे नियमात दोन गृहीतके दडलेली आहेत : भिंग साधारण ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचे आहे आणि दृश्य क्षितिजापर्यंत पसरलेले आहे. नवशिक्यांना नियम सांगताना नेमकी हीच दोन गृहीतके गाळली जातात.

त्याच फिल्मवर १०५ मिलिमीटरचे भिंग वापरल्यास तिसाव्याऐवजी सुमारे नव्वदावा भाग घ्यावा लागतो. उलट, मूर्ती दोन मीटरवर आणि तिच्या मागे अर्ध्याच मीटरवर भिंत असेल, तर नियमाच्या पाचपट बेसही चालतो. मात्र तेवढ्या बेसने मूर्तीचे नाक पुढे-मागे ताणल्यासारखे दिसेल, त्यामुळे चालते म्हणून तेवढाच घ्यावा असे नाही.

सगळेच नियम असे लवचीक नसतात. दोन चित्रांमधील उभा फरक डोळे फारच थोडा सावरू शकतात, त्यामुळे कॅमेरा समतल ठेवण्याच्या नियमाला सवलत नाही. तसेच मोठ्या पडद्यावर एकाच दूरच्या बिंदूच्या दोन प्रतिमांमधील अंतर प्रेक्षकाच्या डोळ्यांमधील अंतराहून फार वाढले, तर डोळ्यांना बाहेरच्या दिशेने वळावे लागते; हातातील स्टिरिओस्कोपमध्ये सुखद वाटणारी जोडी प्रक्षेपकावर डोके दुखवते, ती यामुळेच.