अपग्रेडनंतर स्क्रीन का बिघडते? लिनक्सच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची पार्श्वभूमी

सोलापुरी चादरीची नक्षी आता आलेख कागदाऐवजी संगणकावर चौकटी भरून होते. हे काम लिनक्सवर चालत असेल आणि अपग्रेडनंतर १९२०×१०८० चा मॉनिटर १०२४×७६८ वर उतरला, तर चित्र आडवं एक तृतीयांशाने ताणलं जातं. गोल फूल अंडाकृती दिसतं. अशा वेळी नक्षीला हात लावू नका. बिघाड ड्रायव्हरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये असतो.

पूर्वी स्क्रीनचा आकार एक्स सर्व्हर, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या दाखवणारा प्रोग्राम, ठरवायचा. मॉनिटरची वारंवारता ‘एक्सऑर्ग डॉट कॉन्फ’ फाइलमध्ये बऱ्याचदा हाताने लिहावी लागे. मार्च २००९ च्या २.६.२९ कर्नलमध्ये इंटेलच्या ग्राफिक्ससाठी हे काम कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे आलं. एनव्हिडियाचा मुक्त ड्रायव्हर ‘नूवो’ २०१० मध्ये कर्नलमध्ये आला, एएमडीचा ‘एएमडीजीपीयू’ २०१५ मध्ये. म्हणून इंटेल-एएमडीला सहसा वेगळं काही बसवावं लागत नाही. जुनी कॉन्फ फाइल मागे राहिली असेल आणि तिच्यात जुन्या ड्रायव्हरचं नाव असेल, तर ती आधी बाजूला काढा.

खरी अडचण एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरची. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडला जाणारा भाग, कर्नलच्या बाहेरचं, आणि कर्नलची आतली रचना दर आवृत्तीत बदलते. त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा कंपाइल करावं, म्हणजे मूळ कोडपासून नव्याने तयार करावं लागतं. डेलने तयार केलेलं डीकेएमएस हे साधन हेच काम आपोआप करतं, पण त्या कर्नलच्या हेडर फाइल्स (मॉड्यूल तयार करायला लागणारी कर्नलची माहिती) असतील तरच. ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवून चालू कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसतं का, ते पाहा. दिसतं, तरी मॉड्यूल लोड होत नसेल, तर सिक्युअर बूटमध्ये (सही नसलेला कोड सुरू होताना अडवणारी सोय) त्याच्या सहीची किल्ली नोंदवायची राहिली असण्याची शक्यता मोठी.

जुन्या कार्डांत चिप बघणं फार महत्त्वाचं. जीटी ७३० या एकाच नावाखाली दोन चिप विकल्या गेल्या: जीएफ१०८ ला ३९० मालिकेचा ड्रायव्हर लागतो, जीके२०८ ला ४७० चा. ३९० ची देखभाल २०२२ अखेर थांबली, त्यामुळे नव्या कर्नलवर ते कंपाइलच झालं नाही, तर ते पूर्ण काढून नूवोवर जाणं बरं.

स्क्रीन काळीच राहिली, तर ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना दिसणारा मेनू) ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहून आत शिरता येतं. मात्र २००९ पासून कर्नलकडे आलेलं कामच हा शब्द बंद पाडतो. तो ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचा राहिला, तर इंटेल, एएमडी किंवा नूवोचा योग्य ड्रायव्हर असूनही फूल अंडाकृतीच दिसू शकेल. तो काढा, ‘अपडेट-ग्रब’ चालवा आणि मशीन पुन्हा सुरू करा.