घरी आल्यानंतरचा पहिला महिना

डिस्चार्ज सकाळी मिळणार म्हणतात, पण बिल आणि मेडिक्लेमची मंजुरी होईपर्यंत दुपारचे चार वाजतात. मग नर्स डिस्चार्ज कार्ड हातात देऊन भराभरा सांगते, "ही उपाशीपोटी, ही जेवणानंतर, पाच दिवसांनी दाखवायला या." हे ऐकतो मुलगा, नाहीतर सून. ज्यांना त्या गोळ्या घ्यायच्या आहेत ते आजोबा तेव्हा व्हीलचेअरवर बसून लिफ्टची वाट पाहत असतात. घरी आल्यावर गादी घालून तयार असते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "आता तुम्ही काही करू नका, नुसता आराम करा."

या वाक्यामागे माया असते, हे मी जाणते. तरीही म्हाताऱ्या शरीराबद्दल गेल्या वीसेक वर्षांत जे कळलं आहे ते पाहता हे वाक्य आपल्या घरांतून जायला हवं, असं मला कळकळीनं वाटतं.

अमेरिकेत ज्येष्ठांसाठी 'मेडिकेअर' ही सरकारी विमा योजना आहे. त्या योजनेतल्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचांतला जवळजवळ एक जण डिस्चार्जनंतर ३० दिवसांच्या आत पुन्हा ॲडमिट होतो, असं त्यात दिसलं. येल विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट पुढे आणली. परत येणाऱ्यांतले बरेचसे मूळ आजारासाठी येतच नाहीत. न्यूमोनिया बरा झालेला माणूस पडतो म्हणून येतो, हृदयाचा रुग्ण पोटाच्या तक्रारीनं येतो. या अवस्थेला त्यांनी 'पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम' असं नाव दिलं. दुखणं बरं होत असतं, पण रुग्णालयातला मुक्कामच शरीराला पुढचे काही आठवडे हळवं करून ठेवतो. पहाटे बीपी बघायला उठवतात, तपासणीसाठी उपाशी ठेवतात, दिवस-रात्रीचा पत्ता लागत नाही. आणि या सगळ्याच्या जोडीला असतं ते पडून राहणं.

पडून राहण्याची किंमत किती, हे मोजणारा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या, ठणठणीत अशा बारा स्वयंसेवकांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. ना ताप, ना ऑपरेशन, जेवणही व्यवस्थित. दहा दिवसांनी त्यांच्या दोन्ही पायांतलं चरबी सोडून उरणारं वजन, म्हणजे मुख्यतः स्नायू, सरासरी जवळजवळ एक किलोनं घटलं होतं. निरोगी माणसाची ही गत, तर तापानं आणि जंतुसंसर्गानं पोखरलेल्या आजीची काय होत असेल? आजारपणात शरीर स्नायू मोडूनच प्रथिनं उपसतं.

स्नायू ही रोज थोडी पडणारी आणि रोज थोडी बांधली जाणारी भिंत आहे. तरुणपणी जेवणातली प्रथिनं मिळाली की बांधकाम लगेच सुरू होतं. उतारवयात स्नायूंना ती हाक कमी ऐकू येते. त्यांना जास्त प्रथिनं लागतात आणि वर वजन पेलण्याचं कामही लागतं. आपण नेमकं उलट करतो. बिछान्यावर निजवून वरणाचं पाणी, पेज, मऊ भात देतो. पचायला हलकं, हे खरं. पण आजारातून उठणाऱ्या वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला निदान ७० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात, पेजेच्या वाटीत नावापुरती. दही, पनीर, घट्ट वरण, अंडं, मासे, जे घरात चालतं ते दिवसभरात विभागून द्यायला हवं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारावं.

चालण्याचंही तसंच. स्पेनमधल्या पॅम्प्लोना शहरात, सरासरी वय ८७ असलेल्या ३७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांकडून ॲडमिट असतानाच रोज दोनदा, वीस-वीस मिनिटं, चालणं आणि ताकदीचे व्यायाम करून घेतले. आंघोळ, कपडे, जेवण, चालणं स्वतःचं स्वतः किती जमतं, याची शंभर गुणांची मोजणी असते. पहिल्या गटानं डिस्चार्जपर्यंत सरासरी पाच गुण गमावले, व्यायामाच्या गटानं जवळजवळ दोन कमावले. सत्त्याऐंशीव्या वर्षी! हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तिथेच थांबले होते.

पण घरी आल्यावर हे सगळं करायचं कुणी? कोलोरॅडोतले वृद्धरोगतज्ज्ञ एरिक कोलमन यांनी ६५ वर्षांवरच्या ७५० रुग्णांवर एक साधी योजना वापरून पाहिली. निष्कर्ष २००६ मध्ये आले. रुग्णाला एक मार्गदर्शक परिचारिका दिली. ती रुग्णालयात भेटे, घरी एकदा येई, मग काही फोन करी. ती रुग्णाची कामं करून देत नसे, ती त्यालाच शिकवी. स्वतःच्या गोळ्या ओळखायच्या, आजाराची वही ठेवायची, पुढच्या तपासणीला काय विचारायचं ते ठरवायचं आणि धोक्याची लक्षणं जाणायची. ३० दिवसांत पुन्हा ॲडमिट होण्याचं प्रमाण ११.९ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं.

गोळ्यांचं काम आपल्याकडे जास्तच अवघड आहे, कारण एकच औषध दहा नावांनी मिळतं. आजोबांची बीपीची जुनी पट्टी डब्यात असते, रुग्णालयातून तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावानं येतं आणि दोन्ही सुरू राहतात. मग पहाटे बाथरूमला उठताना चक्कर येते आणि तोल जातो. म्हणून घरी पोचल्याच्या दिवशी सगळ्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर ओताव्यात आणि नावाखालच्या बारीक अक्षरातलं मूळ औषध वाचून कार्डाशी ताडावं. कुठली चालू, कुठली बंद हे डॉक्टरांना विचारावं. हे आजोबांसमोर नव्हे, आजोबांबरोबर करावं. शेवटी, "सकाळी कुठली घेणार, कशासाठी?" हे त्यांनाच सांगू द्यावं. त्यांनी चुकीचं सांगितलं, तर आपण नीट समजावलं नाही असं धरावं.

हृदय कमजोर असणाऱ्यांनी रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, वजन वहीत लिहावं. दिवसात किलो-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोंच्या वर वाढलं, तर ते बहुधा अंगात साठलेलं पाणी असतं. धाप लागायच्या आधी काटा बोलतो. मग त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.

एकदा पडलेला माणूस मनातून हबकतो. पुन्हा पडू नये म्हणून तो चालणं कमी करतो, त्यानं पाय आणखी दुबळे होतात आणि पडण्याची शक्यता वाढते. घरचे "उठू नका" म्हणतात तेव्हा ती भीती पक्की होते. हळूहळू आजी चहाही मागून घ्यायला लागतात, टीव्हीवर काय लावायचं हेही सांगत नाहीत. याला आपण म्हातारपण म्हणून सोडून देतो, याचं मला फार वाईट वाटतं.

कोलमन यांच्या पद्धतीत रुग्णाला विचारतात, येत्या महिन्याभरात तुम्हाला स्वतःसाठी काय करता यायला हवं आहे? साखर किती हवी, बीपी किती हवं, हे नाही. आपल्या घरात हे विचारून पाहा. कुणी म्हणेल कट्ट्यावर जायचंय, कुणी म्हणेल नातीला स्कूलबसपर्यंत सोडायचंय, कुणी देवळाचं नाव घेईल. देवळाला सहा पायऱ्या असतील, तर डॉक्टरांची संमती घेऊन आज हात असलेल्या खुर्चीतून पाच वेळा उठायचं आणि बसायचं, शेजारी कुणीतरी उभं राहील. परवा सात वेळा. पुढच्या आठवड्यात कठडा धरून जिन्याची एक पायरी.